रालामंडलची सकाळ : जंगलातले पक्षी कसे पाहावेत

इंदूरच्या मराठी घरांतल्या बहुतेक मुलांनी शहराजवळचं रालामंडल अभयारण्य शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. पिंजऱ्याबाहेरची हरणं, टेकडीवरचं होळकरांचं शिकारगाह म्हणजे शिकारीचा वाडा, वरून दिसणारं शहर, सावलीत उघडलेला डबा आणि परतीची बस. त्या सहलीत मोर सोडून दुसरा पक्षी कुणाला आठवत नाही, आणि त्यात नवल नाही. सगळे चालत असतात, आणि चालणाऱ्या माणसाला जंगलातले पक्षी फारसे दिसत नाहीत. ते थांबलेल्याला दिसतात. या लेखात पुढे जे काही सांगितलं आहे, ते चांगलं थांबता यावं यासाठीच.

सिरपूर किंवा यशवंतसागरला पक्षी पाहिलेल्यांना जंगल सुरुवातीला निराश करतं. तळ्यावर पक्षी उघड्यावर असतात, तासभर एकाच ठिकाणी चरतात, तुम्ही सावकाश पुस्तक चाळू शकता. ही दोन्ही पाणथळं २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत आली, आणि हिवाळ्यात तिथे जायलाच हवं. पण झाडीतला पक्षी दोन-तीन सेकंद दिसतो, तोही पानांआडून, बऱ्याचदा आभाळाच्या उजेडाविरुद्ध. इथली रीतच वेगळी आहे, आणि ती शिकता येते.

शिकायला रालामंडल उत्तम, कारण ते लहान आहे. १९८९ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं हे रान अडीच चौरस किलोमीटरही भरत नाही. साग, पळस, बाभूळ, चंदन, बांबूची बेटं, मधूनमधून लावलेली निलगिरी, आणि मध्ये टेकडी. एवढ्या जागेतलं एकेक झाड वर्षभरात ओळखीचं होऊ शकतं. मोठ्या व्याघ्र प्रकल्पात जीपमधून फिरून हे होत नाही.

महिना कोणता

हे पानगळीचं रान आहे, त्यामुळे महिना चुकला तर बाकी तयारी निम्मी वाया जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाने दाट असतात. हिवाळी पाहुणे येऊ लागलेले असतात, पण दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. पावसाळ्यात वाट निसरडी, गवत कमरेएवढं आणि गोचीड भरपूर, म्हणून नवख्याने तेव्हा जाऊ नये.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी नेहमी जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ सांगते. तेव्हा साग बोडका झालेला असतो, फांदीवरचा पक्षी सरळ दिसतो. उत्तरेकडून आलेले पाहुणे, म्हणजे थिरथिरा, माशीमार, पर्ण वटवटे, अजून मुक्कामाला असतात. आणि पळस फुललेला असतो. फुललेला पळस ही जंगलातली सगळ्यात सोपी जागा. फुलांत मध असतो आणि मधाला सगळे येतात : जांभळा सूर्यपक्षी, बुलबुल, कोतवाल, टकाचोर, भांगपाडी मैना, तोईपोपट. मार्चमध्ये परतीच्या वाटेवरच्या पळसमैनांचे थवेही उतरतात, गुलाबी अंग आणि काळं डोकं. अशा एका झाडापासून वीस पावलांवर अर्धा तास उभं राहिलात तर तुमच्या पहिल्या यादीतली बरीच नावं तिथेच मिळतील.

दुसरा मोसम मेच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंतचा. उकाडा असतो, पण तेव्हाच नवरंग येतो, दूधराज येतो, आणि पावशा दिवसरात्र ओरडत असतो. त्याबद्दल पुढे.

आदल्या दिवशी

फाटक किती वाजता उघडतं आणि आठवड्यातून कोणत्या दिवशी बंद असतं हे वन खात्याकडून आदल्या दिवशी विचारून घ्या. ऋतूप्रमाणे वेळ बदलते. सूर्य जानेवारीत सातच्या थोडा नंतर उगवतो, जूनच्या सुरुवातीला पावणेसहाच्या आतच. फाटक उघडतानाच हजर राहायचं, कारण उजाडल्यानंतरच्या दोन-अडीच तासांतच पक्ष्यांची खरी लगबग असते. साडेनऊनंतर जंगल सुस्तावतं.

बायपासवर पहाटे ट्रक भरधाव असतात आणि डिसेंबर-जानेवारीत धुकंही पडतं. दुचाकीने जाणार असाल तर पंधरा मिनिटं आधी निघा.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. मातकट, राखी किंवा फिकट हिरवे घाला, पांढरे आणि भडक नकोत. जानेवारीच्या पहाटे पारा आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो आणि नऊ वाजता ऊन चटकतं, म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर बरे. सळसळ करणारं जाकीट टाळा, त्याच्या आवाजात तुम्हालाच काही ऐकू येत नाही. ऑक्टोबरपासून गवताची कुसळं मोज्यांत घुसतात, म्हणून बूट घोट्याच्या वर येणारे हवेत. पाण्याची बाटली, छोटी वही, पेन्सिल. अत्तर, सेंट काही लावू नका, मधमाश्यांची मोहोळं या रानात असतात.

दुर्बीण : घरीच जुळवायची

दुर्बिणीवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ८×४२. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जंगलासाठी ८×४२ घ्या. दहा पटीची घ्यावीशी वाटते, पण तिच्यात हाताची थरथरही दहा पट होते आणि नजरेत मावणारा पट्टा अरुंद होतो. मग फांद्यांच्या गर्दीत पक्षी शोधण्यातच वेळ जातो. भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं तर डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर येते, ८×२१ मध्ये जेमतेम अडीच. सावलीत, पहाटेच्या उजेडात हा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. खिशात मावणारी छोटी दुर्बीण म्हणूनच जंगलात लंगडी पडते.

आता जुळवणी. ही एकदा नीट करा, कारण दुर्बिणीतून नीट दिसत नाही म्हणणाऱ्या बहुतेकांची दुर्बीण जुळवलेलीच नसते.

आधी दोन नळ्यांमधलं अंतर. दुर्बीण डोळ्यांना लावून नळ्या जवळ-लांब करा, दोन वर्तुळांचं एकच वर्तुळ दिसेपर्यंत. चष्मा असेल तर डोळ्याकडच्या रबरी कडा खाली दाबा किंवा फिरवून आत घ्या, नसेल तर बाहेर काढा. मग गच्चीवर जाऊन वीस-पंचवीस मीटरवरची एखादी पाटी निवडा. उजवी नळी हाताने झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं स्वच्छ करून घ्या. आता डावी झाका. मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नळीवर जी छोटी कडी असते ती फिरवून उजव्या डोळ्याला तीच अक्षरं स्वच्छ करा. कडी कुठल्या खुणेवर थांबली ते लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं.

याहून महत्त्वाचा सराव पुढे आहे. पक्षी नुसत्या डोळ्यांनी दिसला की नजर त्याच्यावरून हलवायची नाही, मान हलवायची नाही, फक्त हात वर आणून दुर्बीण डोळ्यांसमोर धरायची. आपण सवयीने खाली दुर्बिणीकडे बघतो, ती उचलतो आणि मग पक्षी शोधतो, तोवर तो गेलेला असतो. गच्चीवरून तारेवर बसलेल्या कबुतरांवर चार दिवस सराव करा. बसल्या पक्ष्यावर जमलं की उडत्यावर करा. नुसत्या गळ्यातल्या पट्ट्याने तासाभरात मान भरून येते, खांद्यावरून जाणारा पट्टा मिळाला तर घ्या.

दुर्बीण नसेल तरी जा. मागून घ्या, दोघांत एक वापरा, पण कॅमेऱ्याला दुर्बिणीच्या जागी ठेवू नका. पहिल्या काही सकाळी कॅमेरा घरी असावा, असं माझं ठाम मत आहे. कॅमेरा हातात असला की माणूस फोटोच्या मागे चालत राहतो आणि थांबणं राहून जातं.

फाटकापाशीची पहिली वीस मिनिटं

तिकीट काढलं की लोक सरळ आत सुटतात. तसं करू नका. जिथे इमारती, मोकळी जागा आणि झाडी एकत्र येतात, तिथे पक्षी जास्त असतात, आणि फाटकाजवळ नेमकं हेच असतं. दयाळ खांबावर गात असतो, चीरक शेपटी उभी करून जमिनीवर उड्या मारतो, लालबुड्या बुलबुल, शिंपी, सातभाई, ठिपकेवाला होला, भारद्वाज हे सगळे इथेच भेटतात. जुन्या झाडाची ढोली दिसली तर तिच्या तोंडाकडे नीट बघा. पिंगळा पहाटेच्या उन्हात तिथे बसलेला असतो आणि अंग राखी असल्यामुळे खोडातच मिसळून जातो.

हे पक्षी तर कॉलनीतही आहेत, त्यांच्यासाठी इथे का थांबायचं? त्यांचे आवाज कानात बसावेत म्हणून. बुलबुल, शिंपी, दयाळ, सातभाई, कोतवाल, तांबट, कोकीळ, मैना, पोपट, होला एवढे आवाज पक्के झाले की आत गेल्यावर जो आवाज यांपैकी नाही तो आपोआप वेगळा ऐकू येतो. शिकायला वेगळा वेळ लागत नाही. घरी सकाळचा चहा घेताना खिडकी उघडी ठेवा आणि आवाज कोणाचा ते प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहून खात्री करा. एकदा पाहिलेला आवाज सहसा विसरत नाही.

इथेच गार्डशी दोन शब्द बोला. रोज तिथे फिरणाऱ्या माणसाला जे माहीत असतं ते ॲपला माहीत नसतं. त्याला मराठी पुस्तकातलं नाव सांगून उपयोग नाही. स्वर्गीय नर्तक म्हणण्याऐवजी सरळ विचारा, "भैया, आजकल दूधराज दिखा क्या? किधर?" कुठल्या नाल्यात, किती वाजता, कोणत्या झाडावर, सगळं उत्तर मिळतं. बिबट्याच्या पायखुणा कुठे दिसल्या हेही त्याला विचारून घ्या. या रानात बिबट्याचा वावर नोंदलेला आहे, आणि जिथे जायला तो मना करेल तिथे जायचं नाही.

आत : कुठे थांबायचं

पहिल्या सकाळी एक किलोमीटर पुरेसा आहे. टेकडी चढून जाण्याचा हट्ट नको. पन्नास-साठ पावलं सावकाश, मग किमान दहा मिनिटं थांबा. थांबल्यावर पहिली तीन-चार मिनिटं काहीच घडत नाही. आपण आल्यामुळे जे गप्प झाले ते पुन्हा हलायला एवढा वेळ लागतो. नेमक्या याच वेळी माणसं कंटाळून पुढे निघतात.

जागा निवडताना ऊन पाठीमागे ठेवा. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणून झाडी तुमच्या पश्चिमेला हवी. तेव्हाच रंग दिसतात, एरवी प्रत्येक पक्षी काळा. थंडीच्या पहाटे किडे गारठलेले असतात आणि ऊन पडलेल्या शेंड्यांवर आधी हलू लागतात, म्हणून पक्षीही आधी तिथे जातात. टेकडीची जी बाजू आधी उजळते तिथून सुरुवात करा, आणि उन्हाची रेघ जशी झाडावरून खाली उतरते तशी नजरही खाली आणा. पहिल्या उन्हात उंच निष्पर्ण फांदीवर पाच-सात हिरवट-पिवळी कबुतरं निवांत शेकत बसलेली दिसली तर ते हरियाल. महाराष्ट्राचा राज्यपक्षी तो, आणि मध्य प्रदेशाचा दूधराज. आपल्या शहरातल्या मराठी माणसाला दोन्ही इथे मिळतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

फळाला आलेला वड, पिंपळ किंवा उंबर दिसला तर दुसरीकडे जाऊच नका. तिथे हरियाल, तांबट, कुटुरगा, मैना, कोकीळ, हळद्या आणि नशीब असेल तर राखी धनेश येतात. धनेश तसे शहरातही आहेत, रेसिडेन्सीच्या जुन्या झाडांत ओरडताना अनेकांनी पाहिले असतील. उन्हाळ्यात मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड विष्ठा-मातीने लिंपते, एक फट ठेवते आणि नर त्या फटीतून तिला आणि पिलांना भरवतो. तो मेला तर आतल्यांचे हाल होतात. धनेश चोचीत फळ धरून एकाच खोडाकडे पुन्हापुन्हा जाताना दिसला तर त्या झाडाखाली जायचं नाही आणि ती जागा कुणाला सांगायचीही नाही.

कोरड्या नाल्याकाठी बांबू आणि दाट सावली असेल तिथे जमिनीकडे बघा. पानं उलटल्याचा आवाज येतो. बहुतेक वेळा सातभाई असतात, पण कधी तित्तिर निघतो आणि जूनमध्ये नवरंग. उन्हाळ्यात वन खातं जनावरांसाठी पाण्याच्या उथळ टाक्या भरतं. त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर, झाडाच्या बुंध्याला टेकून बसा. बसलेल्या माणसाची पक्ष्यांना उभ्यापेक्षा लवकर सवय होते. पाणवठ्याच्या अगदी जवळ मात्र बसू नये, आपण आहोत तोवर तहानलेलं जनावर पाण्यावर येत नाही.

टोळी आली की

हिवाळ्यात या रानात बराच वेळ शांतता असते, आणि मग अचानक एका झाडात दहा-पंधरा पक्षी हलू लागतात. हा योगायोग नसतो. वेगवेगळ्या जातींचे किडेखाऊ पक्षी टोळी करून जंगलातून फिरतात. छोटे निखार शेंड्याला असतात, नर शेंदरी, माद्या पिवळट. सुभग आणि चष्मेवाले मधल्या फांद्यांत, राखी वल्गुली सालीत चोची मारत, नाचण शेपटीचा पंखा उघडत-मिटत, पर्ण वटवटे पानापानाखाली, एखादा सोनपाठी सुतार खोडावर. आणि यांच्या मागे पांढऱ्या पोटाचा कोतवाल. बाकीच्यांच्या धांदलीत उडालेले किडे तो हवेतच टिपतो, आणि शिक्रा दिसला की सगळ्यांत आधी ओरडतो. अनेक डोळे असले की शिकाऱ्याचा धोका कमी होतो, म्हणून हे एकत्र येतात.

टोळी आली की तिच्या मागे धावू नका. ती कोणत्या दिशेने सरकते आहे ते पाहा, हळूच वळसा घालून पुढच्या मोकळ्या जागेत जा आणि तिला तुमच्यावरून जाऊ द्या. आधी दुर्बीण न लावता सगळं झाड नजरेखाली घाला आणि वेगळा वाटणारा एक पक्षी निवडा. त्याच्यावर दुर्बीण लावली की तो उडून जाईपर्यंत सोडू नका. सगळे पाहायला गेलात तर एकही धड दिसत नाही.

सगळं रान एका क्षणात गप्प झालं तर वर आणि बाजूला बघा. शिक्रा आला असेल. सातभाई आणि बुलबुल एका झुडपाभोवती जमून कलकलाट करत असतील तर आत साप, मुंगूस किंवा घुबड असतं. वानरांचा खोकल्यासारखा आवाज आणि चितळाची तीक्ष्ण हाक एकाच बाजूने पुन्हापुन्हा आली तर तिथेच थांबा, एकत्र राहा आणि आल्या वाटेने फाटकाकडे परता.

आवाज

जंगलात पक्षी आधी ऐकू येतो, म्हणून थांबल्यावर पहिलं मिनिट डोळे मिटून काढलं तरी चालेल. दोन्ही तळहात कानांमागे ओंजळीसारखे धरा आणि डोकं हळूहळू फिरवा, आवाज कुठून येतो ते बरंच नेमकं कळतं. तांबटाच्या बाबतीत ही युक्तीही चुकते. तो टुक्-टुक् करताना मान इकडेतिकडे फिरवतो आणि आवाज जागा बदलल्यासारखा वाटतो. त्याला शोधायचं तर झाडाचा सगळ्यात वरचा सुकलेला डहाळा बघा.

मर्लिन हे मोफत ॲप फोनच्या माइकवरून आवाज ओळखून नावं सुचवतं. भारतातल्या पक्ष्यांचा संच आधीच घरी उतरवून घ्या, रानात नेटचा भरवसा नसतो. पण त्याने दाखवलेलं नाव हा फक्त पुढचा प्रश्न समजा. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो आणि तेव्हा ॲपही फसतं. पक्षी डोळ्यांनी दिसला किंवा तुमच्या कानाला खात्री पटली, तरच यादीत लिहा.

पावशाबद्दल ॲपची गरज नाही. एप्रिलपासून पावसापर्यंत चढत्या सुरात "पेरते व्हा, पेरते व्हा" ऐकलं की माळव्यातल्या मराठी आजीही ओळखतात. त्याला पाहणं अवघड आहे, कारण तो दिसतो अगदी शिक्र्यासारखा. तसाच राखी, तसाच पट्टेरी शेपटीचा, उडण्याची ढबही तीच. चोच बघा. शिक्र्याची आकड्यासारखी वळलेली आणि पाय मजबूत, पावशाची चोच जवळजवळ सरळ आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. पावशा आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो, म्हणून जूनमध्ये सातभाईंच्या थव्यामागे भूक भूक करत फिरणारं एखादं मोठं पिल्लूही दिसू शकतं.

नवरंगाची शीळ दोन स्वरांची, स्वच्छ, पहाटे आणि संध्याकाळी. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतून पावसाच्या तोंडावर तो मध्य भारतात वीण करायला येतो. शीळ घालताना तो बुटक्या फांदीवर बसून मान मागे टाकतो. मैनेहून थोडा लहान, शेपटी जवळजवळ नाहीच, पोटाखाली लाल. शीळ ऐकू आली तर आवाजाच्या दिशेने चालत जाऊ नका. सावलीत बसा आणि नाल्यातल्या पाचोळ्यावर नजर ठेवा.

दिसला त्याला ओळखायचं कसं

रंगाकडे सर्वांत शेवटी वळा. आधी आकार : चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेएवढा की कावळ्याएवढा? मग चोच : बारीक म्हणजे किडे, जाड आणि आखूड म्हणजे दाणे, वाकडी लांब म्हणजे मध. शेपटी लांब की तोकडी, तो ती हलवतो का, वर उचलतो का. बसला कुठे, खोडावर, शेंड्यावर की जमिनीवर. काय करतो आहे. हे सगळं होईपर्यंत रंग तुम्ही आपोआप पाहिलेला असतो. शेवटी डोक्यावरची खूण, म्हणजे भुवई, टोपी, डोळ्याभोवतीचं कडं, आणि पंखांवर किंवा शेपटीत पांढरा कुठे आहे.

पक्षी समोर असताना पुस्तक किंवा फोन उघडायचा नाही. तो गेला की लगेच वहीत ओबडधोबड चित्र काढून खुणा लिहा, मग शोधा. चित्र चांगलं नसलं तरी चालतं, कारण ते काढताना काय पाहायचं राहिलं ते कळतं आणि पुढच्या वेळी तेच आधी पाहिलं जातं.

काही जोड्या इथे नेहमी गोंधळात टाकतात. जांभळा सूर्यपक्षी हिवाळ्यात पिवळट असतो आणि छातीवर मधोमध एक गडद पट्टा असतो. तो वेगळा पक्षी नाही, वीण नसलेल्या काळातला नर आहे. फेब्रुवारीपर्यंत तोच चकाकत्या निळ्या-काळ्या रंगात येतो. थिरथिऱ्याची मादी तपकिरी, तिला चीरक समजलं जातं, पण तिची शेपटी तांबूस असते आणि ती सतत थरथरते. दूधराजाचे काही नर पांढरे तर काही तांबूस, आणि मादीला लांब शेपटी नसतेच. म्हणून बुलबुलासारखा तुरा आणि तांबूस पाठ असलेला पक्षी सावलीतल्या नाल्यात दिसला की नीट बघा. पर्ण वटवटे मात्र पहिल्या वर्षी सोडून द्या. हिरवट, छोटे, चंचल, आणि त्यांच्यातले फरक बहुतेक आवाजातच आहेत. वहीत "पर्ण वटवट्या" एवढंच लिहिलं तरी नोंद खरी राहते.

काही गोष्टी ज्यांत सूट नाही

फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. तो खाणं, पिलं सोडून त्याला हाकलायला येतो आणि सगळी सकाळ तणावात घालवतो. नवरंग आणि दूधराजाच्या बाबतीत तर वीण चालू असताना हे फार घातक आहे. घरटं दिसलं तर मागे फिरायचं, फोटो नाही, फांदी बाजूला करणं नाही. आपला माग काढत कावळे आणि टकाचोर घरट्यापर्यंत पोहोचतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातलं अंडं, पिल्लू, घरटं यांना हात लावणं गुन्हा आहे. फोटो जालावर टाकताना पिंगळ्याची ढोली किंवा घरट्याची जागा लिहू नका. वानरांना, हरणांना शेवही घालू नका.

लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना गप्प राहायला सांगण्यापेक्षा एकेक काम द्या. एकाने फक्त आवाज मोजायचे, एकाने वही सांभाळायची, एकाने जमिनीवरची पिसं पाहून तिथेच ठेवायची. मुलांचे कान तीक्ष्ण असतात, उंच आवाजाचे पर्ण वटवटे त्यांना आधी ऐकू येतात. आजी-आजोबांना टेकडीवर न्यायचा आग्रह नको. फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत बाकावर बसून त्यांची यादी अनेकदा आपल्यापेक्षा लांब होते.

साडेनऊनंतर

आता वाटलं तर टेकडी चढा. खाली झाडीत हालचाल कमी झाली की वर आभाळात सुरू होते. जमीन तापून गरम हवेचे झोत वर उठतात, आणि त्यांवर घारी, शिक्रा, मधुबाज, कधी सापमार गरुड पंख न हलवता घिरट्या घेतात. शिकारगाहाच्या भिंतींवर हिवाळ्यात थिरथिरा आणि वरच्या कातळांजवळ पाकोळ्या दिसतात. शिकारी पक्षी ओळखताना पंखांचा खालचा भाग आणि शेपटीचा आकार याशिवाय बहुतेक वेळा काही हाती लागत नाही, म्हणून सूर्याकडे न बघता तो तुमच्यावरून जाईल त्या वेळेची वाट पाहा. दुर्बिणीतून सूर्याकडे चुकूनही पाहू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो.

नोंद

यादी त्याच दिवशी लिहून काढा. घरी जाताना पोहे खायला थांबलात तर तिथेच, बशी यायच्या आत. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करणार असाल, आणि करावीच, तर सुरू केल्याची वेळ, किती वेळ पाहिलंत, किती चाललात आणि प्रत्येक जात किती दिसली एवढं हवं. ओळखलेल्या सगळ्या जाती लिहा, कावळा आणि पारवासुद्धा. फक्त दुर्मीळ पक्षी लिहिलेली यादी अभ्यासकाला फारशी उपयोगाची नसते. नेहमीचे पक्षी वाढताहेत की घटताहेत, हे नेहमीच्यांच्याच नोंदींवरून कळतं. संख्या मोजता आली नाही तर अंदाज लिहा, आणि ओळख पटली नसेल तिथे नाव लिहू नका. फेब्रुवारीच्या मध्यात जगभर चार दिवस अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी होते, पहिली यादी पाठवायला तो मुहूर्त चांगला आहे.

वहीत पक्ष्यांबरोबर झाडही लिहा : कोणता पळस फुलला, कोणत्या वडाला फळं होती, कोणत्या टाकीत पाणी होतं. पुढच्या महिन्यात त्याच वाटेने जा, तीच ठिकाणं, तीच वेळ. तीन-चार महिन्यांनी तुम्हाला कोणत्या थांब्यावर कोण भेटेल याचा अंदाज येऊ लागेल, आणि मेअखेरीस नवरंगासाठी नाल्याच्या कोणत्या वळणावर बसायचं हे तुमच्याच वहीत सापडेल.